कारवानीचा खुराक

आमच्या आबांना फासळी दिसलेली खपत नसे. बैलाची, म्हशीची, पोराची, कुणाचीच. ते पलटणीतून हवालदार होऊन पेन्शनीत आले ते नेमके बहात्तरच्या दुष्काळात. ज्या खिलारी जोडीच्या भरवशावर पुढची शेती करायची असं त्यांनी नोकरीत असताना मनाशी धरलं होतं, ती जोडी त्यांना जनावरांच्या छावणीत दिसली, आणि लांबून त्यांना ती ओळखूच आली नाही. पुढं नदीवरनं पाणी उचललं, ऊस उभा राहिला, गोठ्यात दोन म्हशी आल्या. पण घरात आलेल्या कुठल्याही जिवाच्या आधी बरगड्या बघायची त्यांची खोड तेव्हा जी लागली ती गेली नाही.

माझ्या बरगड्या दिसत होत्या.

मी तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांचा. जुनी अकरावी, म्हणजे मॅट्रिक, पास झालो होतो. अंगानं मामांवर गेलेलो, उंच, किडकिडीत, लांब हातांचा. कुंडलच्या आसपासची आमची सगळी गावं कुस्तीची वेडी. आबांनाही तरुणपणी पैलवान व्हायचं होतं, पण घरात खायची वानवा, म्हणून ते भरती झाले. आता दूध घरचं होतं, तूप घरचं होतं, पोरगाही घरचाच होता. तेव्हा मला विचारायचं काही कारण त्यांना वाटलं नसावं. निकाल लागला त्याच आठवड्यात त्यांनी मला तालमीत नेलं, वस्तादांच्या पायावर घातलं आणि म्हणाले, "आजपासून ह्यो तुमचा."

मला मोटारी भरायला शिकायचं होतं. म्हणजे पाण्याच्या मोटारी. त्या काळात नदीकाठाला नवी नवी वीज आली होती, जो तो मोटार बसवत होता, आणि दाब कमी-जास्त झाला की मोटारी जळत होत्या. आमची जळली तेव्हा आबांनी ती घेऊन मला सांगलीला पाठवलं होतं. तिथं एका बोळात एक मिस्त्री जळकी तार काढून नवी तांब्याची तार भरायचे. पिकली दाढी, डोळ्यांवर जाड चष्मा. सगळी त्यांना चाचा म्हणायची, मीही म्हणायला लागलो. दिवसभर मी त्यांच्या समोर बसून राहिलो. तारेची वेटोळी खाचांत बसवताना त्यांची बोटं जशी हलत होती, तसं काहीतरी आपल्या बोटांनाही जमेल असं मला पहिल्यांदा वाटलं. संध्याकाळी वार्निशचा वास कपड्यांना घेऊन घरी आलो आणि जेवताना आबांना सांगितलं. ते म्हणाले की तार गुंडाळत बसायला मी काय तुला जोपासलाय? तेवढ्यावर ते संपलं.

तालमीत माझा दिवस पहाटे सुरू व्हायचा. जोर, बैठका, मग माती उकरायची, मग जोडीदाराबरोबर लढत. त्याचं मला काही वाटत नसे. तरणं अंग होतं, घाम आला की बरं वाटायचं. मला नको व्हायचं ते त्यानंतरचं. घरी आलो की सोप्यात पाट मांडलेला असायचा. तांब्याभर दूध, त्यावर तूप. घोटलेल्या बदामांची थंडाई. अंडी. बाजारच्या दिवशी मटण. आबा समोरच्या खांबाला टेकून बसायचे आणि तांब्या रिकामा होईपर्यंत हलायचे नाहीत. मारझोड नाही, रागावणं नाही. नुसतं बघत राहायचं. माझं पोट इवलंसं. कधी कधी मी उसाच्या सरीत जाऊन सगळं ओकून यायचो आणि तोंड धुऊन परत यायचो, की दुपारचं ताट तयार असायचं. शेतात काम करायचं नाही, कारण त्यानं अंग झिजतं. सायकलवर हिंडायचं नाही, त्यानंही झिजतं. सांगलीला जायचं तर कशाला जायचं? गावातली पोरं माझ्या खुराकाकडं बघून हळहळायची, असा बाप पायजे म्हणायची. त्यांना काय सांगणार? तक्रार करायला तोंड नव्हतं. दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं होतायत, आणि हा दूध नको म्हणतो.

त्या दिवाळीनंतर आबा जतकडं गेले होते. पलटणीतला त्यांचा एक दोस्त तिथं राहायचा. येताना त्यांनी छातीशी धरून, वर घोंगडं पांघरून, एक पिल्लू आणलं. कारवानी जातीचं. जतच्या माळावर धनगरांकडं, इनामदारांकडं ही शिकारी कुत्री असतात. उंच, लांब तोंडाची, पोट आत गेलेली. सशामागं सुटली की डोळ्याला दिसत नाहीत म्हणतात. उसात कोल्ह्यांनी उच्छाद मांडला होता, त्यासाठी आणलं असं आबा सांगत होते. पण मला वाटतं, आपल्या दारात असं उंच, देखणं कुत्रं उभं असावं ही त्यांची जुनी हौस होती.

पिल्लू फिकट वाळूच्या रंगाचं होतं. पाय शरीराला न शोभतील एवढे लांब, पंजे मोठे, आणि अंगावर मांस म्हणून नाही. आईनं त्यांच्या हातातनं घेऊन ते खाली ठेवलं तसं ते चारी पाय चार दिशांना टाकत चुलीकडं गेलं. आबांनी त्याच्या कुशीवरनं हात फिरवला आणि त्यांचा चेहरा उतरला. "आईच्या दुधावरबी उपाशीच ऱ्हायलंय ह्ये," ते म्हणाले.

तिथून त्याचाही खुराक सुरू झाला. म्हशीचं निरसं दूध, तुपात कुस्करलेली भाकरी, कच्ची अंडी, मटणाचं पाणी. गुऱ्हाळ सुरू होतं, तेव्हा वर गुळाचा खडाही. हावरं होतं ते. जेवढं समोर येईल तेवढं संपवायचं आणि भांडं चाटत सोप्याच्या दुसऱ्या टोकापर्यंत ढकलत न्यायचं. आबांचा जीव त्याच्यावर बसला. मी ताटात टाकायचो, ते भांडं चाटायचं. साहजिकच होतं.

महिन्याभरात ते अंगानं भरलं. मऊ माती उकरतं, कोंबड्यांमागं पळतं, म्हणून आबांनी त्याला गोठ्याच्या फरशीवर साखळीनं बांधलं. पळालं की अंग झिजतं, हे त्यालाही लागू होतंच. मी तालमीतनं आलो की ते साखळीच्या टोकापर्यंत येऊन उभं राहायचं आणि पुढचे पाय हवेत मारायचं. मी त्याच्याजवळ जाऊन बसायचो. दोघांचीही खायची वेळ झालेली असायची.

गुऱ्हाळावर गुळाच्या ढेपा जोखायचा मोठा काटा टांगलेला होता. आबा पिल्लाला तिथं घेऊन जायचे. एका पारड्यात ढेप, दुसऱ्यात पिल्लू. ते गोंधळून पारड्यातच बसायचं, काटा हलायचा, माणसं हसायची. गुळव्या म्हणायचा की आवं ह्ये कुत्रं न्हाई, रेडकू हाय. आबांना ते फार आवडायचं. एकदा काटा मोकळा झाल्यावर ते मला म्हणाले, "बस बरं तूबी." सगळ्यांच्या देखत मी पारड्यात उकिडवा बसलो. माझ्यासाठी किती ढेपा लागल्या ते आठवत नाही. पण पाय जमिनीवरनं सुटल्यावर दोन्ही हातांनी साखळ्या धरून मी जो वर लोंबकळत राहिलो, ते अजून विसरता येत नाही. खाली उतरल्यावर आबा म्हणाले की वाढण्यात पिल्लानं तुला मागं टाकलं गड्या. त्यात चेष्टा होती, राग नव्हता.

संक्रांत उलटून गेल्यावर पिल्लाच्या पायांत काहीतरी बिनसायला लागलं. पुढच्या पायांचे सांधे, मनगटासारखे असतात ते, गाठी आल्यासारखे फुगले. पंजे बाहेरच्या बाजूला वळले. उभं राहिलं की पाय धनुष्यासारखे बाहेर वाकायचे. मग ते उठताना कण्हायला लागलं. खायच्या वेळी उठायचं, बाकी दिवसभर पडून राहायचं. आबांना वाटलं, अशक्तपणा. त्यांनी दूध वाढवलं. कुणी सांगितलं की हाडांना चुना कमी पडतोय, म्हणून चुन्याची निवळी सुरू केली. कुणी शार्कच्या तेलाची बाटली आणून दिली, तेही चमचा-चमचा पाजलं. पिल्लू सगळं गिळायचं. आणि पाय आणखी वाकायचे.

माझाही उजवा गुडघा त्या दिवसांत दुखत होता. बैठका मारताना आत काहीतरी करकरायचं. वस्तादांना सांगितलं तर त्यांनी तेल चोळून घ्यायला सांगितलं. आबांना मी सांगितलंच नाही. सांगितलं असतं तर आणखी एक तांब्या वाढला असता.

शेवटी एक दिवस पिल्लू खायलाही उठलं नाही. भांडं जवळ सरकवलं तर आडवं पडूनच चाटायला लागलं. आबा बराच वेळ त्याच्याजवळ उकिडवे बसले. सकाळी आमचा गूळ सांगलीच्या पेठेत जाणार होता. ते म्हणाले, उचल ह्याला, आपुनबी जाऊ. ढेपांवर पोतं टाकून मी ट्रकच्या हौद्यात बसलो, पिल्लू मांडीवर. पिल्लू म्हणायचं, पण माझ्या दोन्ही मांड्यांत ते मावत नव्हतं. वाटभर त्याचं डोकं माझ्या दंडावर होतं.

सांगलीत जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर तरुण होते, बोलायला शांत. त्यांनी पिल्लाला टेबलावर न घेता जमिनीवरच उभं केलं, चालवून बघितलं, सांधे दाबले, कुशीवरनं हात फिरवला. मग विचारलं की काय काय देता. आबांनी पलटणीतला हवालदार अशी ओळख देऊन, छाती काढून सगळं सांगितलं. दूध, तूप, अंडी, मटण, गूळ, चुना, तेल. आबांचं संपल्यावर डॉक्टर म्हणाले, "हवालदार, हाडं अजून कच्ची आहेत आणि तुम्ही वर गाठोडं ठेवलंय. ते पेलत नाहीत, म्हणून वाकलीत."

आबांना कळेना. ते म्हणाले, "म्हंजी कमी पडलं का साहेब?"

"जास्त झालं. मोठ्या जातीचं पिल्लू सावकाश वाढू द्यावं लागतं. ह्याची वाढ दीड वर्ष चालते. तुम्ही ती चार महिन्यांत उरकायला बघताय. ह्याची फासळी हाताला लागली पाहिजे. शेवटच्या एक-दोन तर डोळ्यालाही दिसल्या पाहिजेत."

आबांनी माझ्याकडं बघितलं, मग डॉक्टरांकडं. फासळी दिसली पाहिजे हे वाक्य त्यांच्या कानावर आयुष्यात पहिल्यांदा पडलं असावं. डॉक्टरांनी पुढचंही नीट समजावून सांगितलं. गूळ, तूप, चुना, तेल सगळं बंद. खाणं निम्म्यावर आणायचं, तेही दिवसातनं तीनदा थोडं थोडं. साखळी काढायची. फरशीवर ठेवायचं नाही, मातीवर ठेवायचं. त्याला हवं तेवढं हिंडू द्यायचं, दमलं की झोपू द्यायचं. ओढून पळवायचं नाही आणि बांधूनही घालायचं नाही. अजून लहान आहे, पाय बरेचसे सरळ होतील, असं ते म्हणाले.

मी तिथंच उभा होतो, पिल्लाच्या गळ्यातली दोरी धरून. डॉक्टरांनी मान वर करावी आणि माझ्याकडं बघून एवढंच विचारावं, की तुझं काय रे, असं मला फार फार वाटत होतं. ते उठले, हात धुतले आणि बाहेर थांबलेल्या म्हशीकडं गेले. त्यांचं काही चुकलं नाही. ते जनावरांचे डॉक्टर होते.

आबांनी पलटणीत उभी हयात साहेबांचा हुकूम पाळला होता. घरी आल्या आल्या त्यांनी साखळी काढून अडगळीत टाकली. नदीकडच्या मळ्यात, कडुनिंबाखाली, पिल्लासाठी जागा केली. आईला सांगून खाणं निम्म्यावर आणलं, आणि पिल्लू रिकाम्या भांड्यापाशी बसून केविलवाणं बघायला लागलं की ते स्वतः तिथनं उठून जायचे. गावातली माणसं विचारायची, का आबा, कुत्र्याला उपास धराय लावला का? ते म्हणायचे, डॉक्टरसाहेबांनी सांगितलंय. काही आठवड्यांनी पिल्लाच्या कुशीवर फासळीची पहिली रेघ दिसायला लागली. आबांनी मला हाक मारून दाखवली. त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद मला बघवेना.

कारण माझा खुराक वाढला होता. चैत्रात जत्रांची मैदानं सुरू होणार होती आणि आबांनी माझी कुस्ती एका गावच्या मैदानात ठरवली होती.

एके दुपारी आम्ही जेवत होतो. आई वाढत होती. माझ्या ताटात तिनं अर्धीच भाकरी टाकली. आबा म्हणाले, अजून टाक. ती तशीच थांबली. आई आबांना सहसा उलटून बोलत नसे. त्या दिवशी परातीवर हात ठेवून म्हणाली,

"आवं, कुत्र्याची फासळी दिसली की तुमाला बरं वाटतं. आन ह्येची दिसली तर तुमच्या गळ्याखाली घास उतरत न्हाई. त्या डाक्टरानं सांगितलं तवा ह्यो बी तितंच हुबा हुता न्हवं?"

आबा घास चावत राहिले. मला वाटलं, आता काहीतरी होईल. मी खाली मान घालून बसलो होतो.

"कुत्र्याला डाक्टर हाय," ते म्हणाले. "ह्येला वस्ताद हाय. ज्येचं त्यो बघंल." आणि त्यांनी हात लांब करून स्वतःच माझ्या ताटात भाकरी टाकली.

चैत्रातली ती कुस्ती मी जिंकलो. हरलो असतो तर कदाचित सुटलो असतो. समोरचा गडी माझ्याहून चपळ होता, पण त्यानं पट काढायला, म्हणजे माझे पाय धरून मला पाडायला, वाकायची घाई केली आणि मी नुसता वजनानं त्याच्यावर पडलो. त्याला हलता येईना. मी त्याला चीत केला. हलगी वाजली, कुणीतरी माझ्या डोक्याला फेटा गुंडाळला, माणसांनी खांद्यावर घेतलं. वरनं मला आबा दिसले. ते गर्दीत एका बाजूला उभे होते आणि धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत होते. त्यांना रडताना मी तोपर्यंत कधी बघितलं नव्हतं. मला त्यांच्याविषयी माया वाटली, आणि त्याच वेळी असं वाटलं की आता दार बाहेरनं बंद झालं. ह्या माणसाला आता काय सांगायचं?

पावसाळा तालमीत गेला. लाल मातीचा ओला वास, अंगाला चोळलेलं तेल, आणि घरी सोप्यात तो पाट. दंड फुगले, मान जाड झाली, जुने सदरे बसेनात. आरशात बघितलं की माझ्या चेहऱ्याच्या मागं दुसऱ्याच कुणाचा तरी चेहरा यायला लागलाय असं वाटायचं. गावात मला पैलवान म्हणायला लागले होते. सांगलीला जायला कारण उरलं नव्हतं. आमची मोटार त्या वर्षी जळलीच नाही. दुसऱ्या कुणाची जळली, की ती बैलगाडीतनं जाताना मी तालमीच्या दारातनं बघत राहायचो.

एक गोष्ट मात्र बरी झाली होती. पिल्लाला सकाळी मळ्यात हिंडवायचं काम माझ्याकडं आलं होतं. डॉक्टरांनीच सांगितलं असल्यामुळं त्यात अंग झिजतं असं आबांना म्हणता येईना. दोरी न लावता मी नुसता बांधावरनं चालायचो आणि ते मागं-पुढं करायचं. वास घेत थांबलं की मीही थांबायचो. हळूहळू पायांच्या गाठी बसल्या. उजवा पाय सरळ झाला. डावा पंजा थोडा बाहेर वळलेला राहिला तो राहिलाच, पण दुखायचा थांबला. ते उंच होत गेलं, पोट आत ओढलं गेलं, छाती खोल झाली. पिल्लू म्हणता येईना असं झालं तेव्हा पुन्हा दिवाळी आली होती.

त्या दिवसांत एकदा सकाळी आबाही माझ्याबरोबर मळ्यात आले. तोडलेल्या उसाच्या मोकळ्या रानात एक कोल्हं चालत होतं. कुत्र्यानं कान ताठ केले आणि ते सुटलं. मी त्याला असं पळताना कधी बघितलं नव्हतं. सगळं अंग एकदा गोळा व्हायचं आणि एकदा ताणलं जायचं, पाय जमिनीला लागतायत की नाही कळत नव्हतं. कोल्हं ओढ्याच्या काटेरी झुडपांत शिरलं आणि हे बाहेर उभं राहून धापा टाकायला लागलं. प्रत्येक श्वासाला त्याच्या फासळ्या उन्हात दिसत होत्या, मिटत होत्या.

आबा उभेच राहिले होते. मी म्हणालो, "आबा, मला कुस्ती न्हाई करायची."

ते म्हणाले, "बघ, कसं पळतंय."

त्यांना ऐकू आलं होतं. शेजारीच होते ते. मी परत म्हणालो नाही. आम्ही कुत्र्याला घेऊन घरी आलो, पाट मांडलेला होता, मी बसलो आणि तांब्या तोंडाला लावला.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी गुळाचा ट्रक सांगलीला निघाला. ढेपा चढवायला मी हात लावला, मग वर चढलो आणि उतरलोच नाही. आई दारात होती. तिनं बघितलं. पदर डोक्यावर घेतला आणि आत गेली.

चाचांच्या दुकानात जाऊन मी बाकावर बसलो. त्यांनी चष्म्यावरनं माझ्याकडं बघितलं आणि विचारलं की पैलवान, मोटार कुठाय? मी म्हणालो, मोटार न्हाई, मीच आलोय. त्यांनी जास्त चौकशी केली नाही. ते म्हणाले, राहायचं तर राहा, पण घरी निरोप पाठव, बापाला चोरून आलेला पोरगा मला नको. ट्रकवाल्याबरोबर मी निरोप दिला. माझी बोटं जाड झाली होती, तार खाचेत बसायच्या ऐवजी तुटायची. चाचा तुटलेली तार बाजूला ठेवायचे आणि परत पहिल्यापासून दाखवायचे.

तालीम सुटली, पण अंगाची सवय काही लवकर सुटली नाही. पहाटे मला आपोआप जाग यायची. भूक नसायची, तरी पोट त्या तांब्याची वाट बघत असायचं. खानावळीत ताट समोर आलं की मी आधी इकडं तिकडं बघायचो, कुणी खांबाला टेकून बसलंय का. हे वर्षभर चाललं असेल.

आबा आले ते एका बाजारच्या दिवशी. मी मोटारीत तार भरत होतो, सावली पडली म्हणून वर बघितलं. चाचांनी त्यांना बाकावर बसवलं, चहा मागवला. ते सगळी दुपार बसले. मी काम करत राहिलो. मोटार पुरी झाली, चाचांनी वीज जोडली, ती गुणगुणत फिरायला लागली. आबांनी वाकून तिच्यावर हात ठेवला, जनावराच्या अंगावर ठेवतात तसा. मग मला म्हणाले,

"जेवतोस कुठं?"

"खानावळीत."

"दूध मिळतं?"

"न्हाई."

त्यांनी मान हलवली. ती कशासाठी ते मला कळलं नाही. उठताना म्हणाले की ऐतवारी येत जा, कुत्रं सकाळी बांधावर जाऊन बसतंय. आणि गेले.

मी ऐतवारी जायला लागलो. आबांनी मला रागावून कधी काही विचारलं नाही, आणि बरं केलंस असंही कधी म्हणाले नाहीत. माझं अंग पुन्हा उतरून पहिल्यासारखं झालं, तेव्हा आई दोनदाच वाढायची आणि आबा 'अजून टाक' न म्हणता दुसरीकडं बघायचे. तेवढं त्यांना जड जायचं, ते दिसायचं.

कुत्र्यानं कोल्हं कधीच धरलं नाही. पण त्याला बघायला माणसं यायची. पुढं आसपासच्या गावांतनं लोक आपली कारवानी पिल्लं आबांना दाखवायला आणायला लागले. आबा पिल्लाला मातीवर उभं करायचे, कुशीवरनं बोटं फिरवायचे आणि म्हणायचे, अजून वजन उतरवा, घाई करू नका, ह्येचं हाड सावकाश हुतंय. डॉक्टरांचे शब्द त्यांना जसेच्या तसे पाठ होते.

असाच एकदा पलूसकडचा एक जण पिल्लू घेऊन आला होता. मी अंगणात आमची मोटार खोलून बसलो होतो. त्यानं माझ्याकडं बघून आबांना विचारलं, तुमचा पोरगा पैलवान हुता न्हवं? ह्योच का त्यो?

आबांची बोटं पिल्लाच्या फासळीवर होती. ती तशीच राहिली.

"व्हय," ते म्हणाले. "कुस्ती सोडली त्यानं." आणि त्यांनी पिल्लाचा पुढचा पाय उचलून सांधा दाबून बघितला.